सदतीस चिठ्ठ्या

पालिकेच्या संकेतस्थळावर उघडता क्षणी
साहेब हार स्वीकारताना दिसतात.
खाली मनोगत, त्याखाली ध्येय, मग उद्दिष्ट.
(ध्येय आणि उद्दिष्टातला फरक
तीन बैठका झाल्या, मला अजून कळलेला नाही.)
मृत्यूचा दाखला सापडतो सहाव्या पायरीवर,
'अभिलेख'च्या पोटात, 'नमुने'च्या मागे,
'इतर' नावाच्या बोळात.

टेंडरमध्ये माझ्या कामाला पुनर्रचना म्हटलंय.
आई फोनवर विचारते, आज काय केलंस?
मी म्हणते, फडताळ आवरलं. लोकांचं.

जाड कागदाच्या सदतीस चिठ्ठ्या कापल्या,
एकीवर एकच गोष्ट :
घरपट्टी. नळजोडणी. कुत्रा चावला तर.
झाड तोडायची परवानगी. नावातली चूक.
आणि शरणपूर रोडच्या फाटकाशी
करंजाच्या सावलीत बाकडं टाकून बसले,
येईल त्याला म्हणाले, गठ्ठे लावा,
तुम्हाला पटतील तसे.

कारकून मालपाठकांनी लावले खिडकीच्या नंबरानं,
सात, नऊ, अकरा.
मेन रोडच्या फुलवाल्यानं दोनच गठ्ठे केले :
द्यायचे पैसे, यायचे पैसे.
दुसरा गठ्ठा फार लहान झाला म्हणून हसला.
एका मुलानं अकारविल्हे लावून
मोबाइलवर फोटो काढला नि निघून गेला.

रखवालदार पुंजाराम लांबून बघत होता.
'मला विचारा की ताई,
दिवसभर मीच तर तुमचं संकेतस्थळ.
शंभरातल्या साठांना दाखला पाहिजे,
विसांना घरपट्टी, पंधरांना संडास,
उरलेल्यांना पेठची गाडी कुठून सुटते ते.'
आणि उद्दिष्ट?
'उद्दिष्ट... नाही, अजून तरी
कुणी विचारलं नाही.'

दुपारी यमुनाबाई भोये आल्या, लेकीला घेऊन.
नवरा सिव्हिलमध्ये गेलेला, महिना झाला,
ही तिसरी खेप.
वाचता येत नव्हतं. मी एकेक चिठ्ठी वाचली,
त्या ऐकून हातात घेत होत्या,
लग्नपत्रिका घ्यावी तशी, कडेला धरून.
जन्माची चिठ्ठी आणि मृत्यूची
त्यांनी एकावर एक ठेवली.
मी म्हणाले, मावशी, ही दोन खाती वेगळी आहेत.
म्हणाल्या, 'माणूस येकच ना पर?'

मी काही बोलले नाही.

अण्णा गेले तेव्हा रामकुंडावर
गुरुजींनी दोनच प्रश्न विचारले होते :
आडनाव? मूळ गाव?
मग लांबोडकी चोपडी उलगडली, बोट फिरवलं,
आणि तिथे पणजोबांची सही होती, मोडीत,
शाई किंचित फुटलेली.
पाण्याचा तांब्या भरून येईपर्यंत सापडली.
त्याच अण्णांचा दाखला मिळायला
अकरा दिवस लागले मला, चार खिडक्या,
आणि मी तर शिकलेली.

त्या रात्री 'अभिलेख' खोडलं.
'विविध सेवा' खोडलं, 'इतर' खोडलं.
पहिल्या पानावर, सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरात लिहिलं :
जन्म किंवा मृत्यूचा दाखला हवा आहे?
खाली दोनच चौकटी :
नाव. तारीख.
तारीख आठवत नसेल तर महिना चालेल,
हे वाक्य मी चारदा लिहिलं.

बैठकीत विचारलं गेलं, साहेब कुठे गेले?
म्हटलं, आहेत, तळाशी आहेत,
शोधणाऱ्याला सापडतील.
चहा येईपर्यंत कुणी बोललं नाही.
अखेर फोटो उजव्या कोपऱ्यात आला,
पासपोर्टच्या मापाचा.
दाखला वर राहिला.

चिठ्ठ्या गोळा करायला फाटकाशी गेले
तर छत्तीसच भरल्या.
'मनोगत' कुठल्याच गठ्ठ्यात बसलं नव्हतं,
फुलवाल्याच्या नाही, मालपाठकांच्याही नाही.
पुंजारामनं तिची चौपदरी घडी करून
आपल्या स्टुलाच्या पायाखाली सारली होती.
'डुगत होतं ताई कधीचं,' म्हणाला,
आणि बसून दाखवलं.